दगडू दाढीला यायचा तेव्हा

दुकानातले केस संध्याकाळी झाडून पाटीत भरायचे, उकिरड्यावर नेऊन टाकायचे, की दुकान पुन्हा स्वच्छ. बोलणं मात्र असं झाडून टाकता येत नाही. माणूस खुर्चीत बसतो, मान मागे टाकतो, डोळे मिटतो आणि बोलायला लागतो. दाढी झाली की उठून जातो. त्याचं बोलणं दुकानातच राहतं. आमच्या धंद्यात अशा गोष्टी साचत जातात आणि एक दिवस लक्षात येतं, की आपण गावातल्या डोक्यांपेक्षा गावातल्या गोष्टीच जास्त सांभाळल्या.

मी चौथीपर्यंत शिकलो. आता हात थरथरतो म्हणून वस्तरा मुलाकडे दिला आहे. दुपारी बाकावर बसतो आणि कोणी भेटलं की जुनं काही सांगतो. त्यातल्या थोड्या गोष्टी इथे सांगतो. सगळ्या एकाच दुकानातल्या आहेत आणि बहुतेक एकाच माणसाच्या आहेत.

आमचं गाव रावेरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळीचं गाव. एसटीच्या थांब्याजवळ लिंबाखाली माझं दुकान. एक लाकडी खुर्ची, एक आरसा, एक बाक आणि दाराशी दगडाची पायरी. बाकावर कोणी बसायचं आणि पायरीवर कोणी, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण इतक्या वर्षांत कोणी कधी चुकलं नाही.

बाकाच्या टोकाला, वर्तमानपत्राजवळ, पोलीस पाटील तुकाराम आबा बसायचे. पायरीवर दगडू भिल्ल बसायचा.

* * *

दगडू नदीपलीकडच्या पाड्यावर राहायचा. केळीच्या बागांना पाणी भरायचा, कापणीच्या वेळी घड वाहायचा. उंच, सुकलेला, कमी बोलणारा. गावात त्याला दगडू चोर म्हणत. त्याने कधी काय चोरलं, हे मी पुष्कळांना विचारलं. प्रत्येकजण दुसऱ्या कोणाचं तरी नाव सांगायचा, की त्याला विचार, त्याला माहीत आहे.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. विहिरीविहिरीवर विजेच्या मोटरी बसल्या होत्या आणि अधूनमधून चोरीलाही जायला लागल्या होत्या. आत तांब्याची तार असते, ती विकली जाते. मोटर गेली की तुकाराम आबा ठाण्याला वर्दी द्यायचे, हवालदार यायचा आणि दगडूला घेऊन जायचा. चार दिवस ठेवायचे, मग सोडायचे. मोटर सापडायची नाही. गावाला यात काही वावगं वाटत नव्हतं. मोटर गेली की दगडूही जाणार, एवढंच.

एकदा सकाळी दगडू दुकानात आला. खांद्यावर जाडं काळं घोंगडं. दिवस उन्हाचे होते, म्हणून मी घोंगड्याकडे बघत राहिलो.

"नाना, दाढी करी दे," तो म्हणाला. "सुकलालनी मोटर गयी."

सुकलाल आमच्या गावातला केळीचा बागायतदार. मी म्हटलं, मोटर सुकलालची गेली, त्यात तुझी दाढी कुठून आली?

"आते येतीन ना मले लेवाले. तठे पानी ऱ्हास नही. दाढी वाढस, खाज येस." मग घोंगड्यावर हात फिरवून म्हणाला, "आनि फरशी गार ऱ्हास तठली. उन्हाळामा बी."

मी दाढी केली. तो पायरीवर जाऊन बसला, तंबाखू मळली. दहाच्या गाडीने हवालदार आला, त्याला बघून म्हणाला, "तयार आहेस होय?" दोघं त्याच गाडीने गेले.

तेव्हापासून तसंच पडून गेलं. दगडू घोंगडं घेऊन दाढीला आला, की बाकावरची माणसं विचारायची, "आज कोणाची गेली रे?" गावात चोरी झाल्याचं पुष्कळांना त्याच्या दाढीवरूनच कळायचं.

परत आल्यावर तो काही दिवस पायरीवर बसायचा नाही. उभाच राहायचा. का, ते कोणी विचारायचं नाही.

* * *

बारकू सुताराची गोष्ट वेगळी. त्याने चोरीबिरी काही केली नव्हती. त्याने लग्न केलं होतं. भुसावळकडची मुलगी आणली, जातीबाहेरची. जातीच्या पंचांनी बसून त्याला वाळीत टाकलं. त्याच्याकडे जायचं नाही, त्याला बोलवायचं नाही. मग पंच माझ्याकडे आले आणि म्हणाले, वामन, त्याची हजामत करायची नाही. त्या काळी वाळीत टाकणं खरं व्हायचं ते न्हाव्याच्या दारात. पंचांनी तोंडाने कितीही सांगितलं, तरी माणूस गुळगुळीत दाढी करून फिरत असेल तर त्याला वाळीत कोण म्हणेल!

बारकूही हट्टी. दुसऱ्या गावी जाऊन दाढी करता आली असती, पण त्याने केली नाही. वाढवली. केस खांद्यावर आले, दाढी छातीवर आली. अंगाने गोरा, नाक सरळ. थांब्यासमोरच्या आपल्या घराच्या दारात बसून रंधा मारायचा आणि कोणाशी बोलायचं नाही म्हणून खाली मान घालून असायचा.

थांब्यावर उतरणारे परगावचे लोक त्याला बघून चपला काढायला लागले.

एकदा एका बाईने त्याच्यापुढे नारळ ठेवला, पोराला पायावर घातलं आणि विचारलं, महाराज, याचा ताप कधी उतरेल? बारकू म्हणाला, डॉक्टरकडे ने. बाई म्हणाली, किती साधे महाराज! दोन दिवसांनी तापही उतरला.

मग मुख्य पंचाची सासू वरणगावहून लेकीकडे आली. थांब्यावर उतरली ती सरळ बारकूच्या पाया पडली आणि तिथून हलेना. जावई न्यायला आला, तर त्याला म्हणाली, तुम्हीही पडा.

त्याच संध्याकाळी पंच दुकानात आले. मुख्य पंच हळू आवाजात म्हणाले, "वामन, बारकूला बोलव आणि त्याची दाढी कर. नाहीतर महिन्याभरात त्याचं देऊळ बांधावं लागेल."

मी बारकूला बोलावलं. दाढी उतरली तेव्हा आतून पुन्हा आमचा बारकू निघाला. पंचांनी त्याला चहा पाजला. दगडू पायरीवरून सगळं बघत होता. तो मला नंतर म्हणाला, नाना, याची दाढी केल्यावर याला घरात घेतलं. माझी दाढी केल्यावर मला घेऊन जातात.

* * *

आता विजेचं. आमच्या गावात त्या वेळी अर्ध्याच्या वर घरांत वीज आकड्यावर होती. वरून तार जायची, तिच्यावर बांबूने आकडा टाकायचा, की घरात दिवा. याला कोणी चोरी म्हणत नव्हतं. "आकडा टाकला" म्हणत, जसं "खाट टाकली" म्हणतात. चोऱ्या वाढल्या म्हणून चावडीपुढे सभा झाली. लाऊडस्पीकर लावला होता, डोक्यावर मोठा बल्ब होता. दोन्ही आकड्यावर.

लाइनमन येणार असला की निरोप आधी यायचा आणि सगळे आकडे खाली उतरायचे. एकदा तो निरोपाशिवाय आला. नवा होता, त्याला रीत माहीत नव्हती. फिरून फिरून दमला आणि दुकानात येऊन बाकावर बसला. माझ्या दुकानातला पंखा थांबलेला होता. का थांबला, ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

कपाळ पुसत तो म्हणाला, "या गावात आकडा नसलेलं एखादं तरी घर आहे का?"

बाकावरचे एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, एक आहे. पाड्यावर, दगडूचं. त्याच्याकडे रॉकेलची चिमणी आहे.

तुकाराम आबा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "त्याला दिवा कशाला? त्याच्या कामाला अंधारच लागतो."

सगळे हसले. लाइनमनही हसला. पायरीवर दगडूही हसला, सगळ्यांच्या मागून, थोडा उशिरा. फक्त आबांचा मुलगा प्रकाश हसला नाही. तो आरशासमोर उभा राहून केस विंचरत होता, त्याचं बहुधा लक्ष नसेल असं मला वाटलं.

* * *

प्रकाशबद्दल सांगायला हवं. आबांचा एकुलता एक. धुळ्याला कॉलेजात घातला होता, दोन वर्षांनी परत आला. काय झालं ते आबा सांगत नसत. गावात राजदूत गाडी फिरवायचा, जळगावला जायचा, तिथे मेहरूणला भंगाराच्या धंद्यातले कोणी मित्र होते म्हणे. दाढी दर आठवड्याला माझ्याकडेच. लहानपणी हाच प्रकाश दगडूच्या खांद्यावर बसून बागेत हिंडायचा. दगडूनेच त्याला आबांच्या विहिरीत पोहायला शिकवलं, कमरेला दोर बांधून. तेव्हा त्याला दगडूबा म्हणायचा. मोठा झाल्यावर काहीच म्हणायचा नाही.

एका पावसाळ्यात सुकलालची दुसरी मोटर गेली. दगडू घोंगडं घेऊन आला, दाढी केली, गेला. तो ठाण्यात असतानाच तिसऱ्या दिवशी मळ्याकडची आणखी एक मोटर गेली.

ही बातमी दुकानात आली तेव्हा बाक भरलेला होता. मी मनात म्हटलं, चला, आता तरी सुटला बिचारा. आत असलेल्या माणसाने बाहेरची मोटर कशी नेली?

प्रकाश खुर्चीत होता. मी त्याच्या हनुवटीवर वस्तरा धरला होता. बाकावरून सुकलाल बोलला, हळूहळू, विचार करत.

"म्हणजे बघा," तो म्हणाला, "हा आत बसूनही चोऱ्या करतो. बाहेर याची माणसं केवढी असतील!"

बाकावरच्यांनी माना हलवल्या. हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आबांनी घडी घातलेलं वर्तमानपत्र गुडघ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "हे ठाण्याला कळवायला पाहिजे." त्यांनी कळवलं, आणि दगडूला आणखी एक आठवडा ठेवून घेतलं.

प्रकाश तेव्हा एकदम हलला. माझ्या हातून कधी कोणाला लागलं नव्हतं, त्याला लागलं. हनुवटीवर बारीक चीर गेली, रक्त आलं. मी तुरटी फिरवली. दुखलं का म्हणून विचारलं. तो आरशात बघत होता, पण स्वतःकडे नव्हता बघत. आरशात मागची पायरी दिसते. ती रिकामी होती.

त्या चिरेची खूण राहिली.

* * *

एकदा दगडू दुपारी आला, दुकानात कोणी नसताना. घोंगडं नव्हतं. धोतराच्या सोग्यातून त्याने एक घड्याळ काढलं आणि आरशाखालच्या फळीवर ठेवलं. तुकाराम आबांचं घड्याळ. आम्ही सगळे ते ओळखायचो, सोनेरी पट्ट्याचं. दोन दिवस आबा त्याच्यापायी बेचैन होते.

"बागमा सापडं," तो म्हणाला. "पाटामा. पट्टा तुटेल शे."

मी म्हटलं, मग नेऊन दे की आबांना. शाबासकी देतील.

तो माझ्याकडे बघत राहिला, लहान मुलाकडे बघावं तसा.

"मी दिलं तं म्हनतीन चोरेल होतं, भ्याला म्हनून आनी दिलं. तू दिलं तं सापडेल म्हनतीन."

घड्याळ तेच, पाट तोच. मी संध्याकाळी नेऊन दिलं. मला वाटेत सापडलं असं सांगितलं नाही, फक्त हे तुमचं घ्या म्हटलं. पुढचं आबांनी स्वतःच धरून घेतलं. शनिवारी मारुतीच्या देवळात सगळ्यांसमोर माझा सत्कार केला. टॉवेल, टोपी आणि नारळ. वामनसारखी माणसं आहेत म्हणून गाव चाललं आहे, असं आबा बोलले. मी मध्येच बोलायला उभा राहिलो, तर लोकांना वाटलं मी आभार मानतो आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. समोर, देवळाच्या ओट्याखाली, दगडू उभा होता. तो मला हाताने खाली बस म्हणाला.

मी नारळ घेऊन पाड्यावर गेलो. त्याने दारातल्या दगडावर फोडला, मला अर्धा दिला. तिथेच बसून एक तुकडा सावकाश चावून खाल्ला.

"सत्कारनं खोबरं असं लागस का?" तो म्हणाला. "चांगलं शे. गोड शे."

त्याची मुलगी सुमन आतून बघत होती. तिलाही त्याने तुकडा दिला.

* * *

सुमनचं लग्न ठरायचं होतं. शिरपूरकडचे लोक बघायला आले. मुलाचा बाप जामसिंग, मोठा सावध माणूस. गाडीतून उतरला तो आधी माझ्या दुकानात आला. आमच्या भागात सोयरीक जोडायच्या आधी न्हाव्याकडे चौकशी करतात. दाढी करून घ्यायची आणि डोळे मिटून विचारायचं.

बाकावर सगळे होते. आबा होते, सुकलाल होता. दगडूला चोर म्हणून हाक मारणारे सगळे एका ओळीत बसलेले.

जामसिंगने आधी त्यांच्याकडची रीत सांगितली. वरात आली, की पाहुण्यांना पहिलं पाणी मुलीच्या बापाच्या हातचं लागतं, तो नसेल तर त्याच्या भावाच्या. त्याने तांब्या पुढे केल्याशिवाय कोणी मांडवात पाय टाकत नाही. त्यांच्या भावकीत एका लग्नात मुलीच्या बापाला आदल्या दिवशी पोलिसांनी नेलं होतं, त्याला भाऊ नव्हता. वरात दारातून परत गेली. पोरगी तशीच राहिली. म्हणून आधीच विचारतो, तो म्हणाला. "दगडू माणूस कसा आहे?"

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत आबा बोलले.

"आमच्या गावचा माणूस आहे," ते म्हणाले. "चांगला आहे. पोरगी बिनघोर करा."

सुकलालने मान हलवली. सगळ्यांनी हलवली. एकजण तर म्हणाला, दगडूसारखा माणूस शोधून मिळायचा नाही. जामसिंगचं समाधान झालं. तो पाड्याकडे गेल्यावर आबांनी वर्तमानपत्र उघडलं आणि म्हणाले, "परगावच्या माणसापुढे काय बोलणार? गावाची अब्रू असते."

दुकानामागे पाण्याची टाकी आहे. दगडू तिथे पाहुण्यांसाठी कळशी भरत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो मला आनंदाने, अगदी हळू आवाजात म्हणाला,

"नाना, पाटील मनासाठे खोटं बोलनात."

मी त्याला म्हणालो, तुझ्यासाठी बोलले खरे, पण खोटं काय रे त्यात? पण तो कळशी डोक्यावर घेऊन निघाला होता.

* * *

माघात लग्न धरलं. थंडी होती, केळीच्या पानांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. वरात शिरपूरकडून ट्रकने दुपारी यायची होती. आदल्या दिवशी हळद लागली. पाड्यावर आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव पडला. गावातून कोणी तांदूळ दिले, कोणी भांडी दिली. आबांनी बागेतून केळीचे खांब दिले.

लग्नाच्या सकाळी आबांची स्वतःचीच मोटर गेली.

मी दुकान उघडलं आणि लगेच ते बाकावर येऊन बसले. वर्तमानपत्र अजून आलं नव्हतं, जुनंच हातात होतं. ठाण्याला वर्दी गेली होती. पोलीस पाटलाच्या घरी चोरी झाली आणि त्याने वर्दी दिली नाही, असं कसं चालेल, असं ते म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले. शेजारी प्रकाश बसला होता. त्याचा नंबर होता. लग्नाला जायचं म्हणून इतरही दोघे-तिघे दाढीला आले होते.

दगडू आला. नवं धोतर, हातांना हळद, खांद्यावर घोंगडं.

आज कोणाची गेली, असं कोणी विचारलं नाही.

तो पायरीवर बसला नाही. उंबऱ्यापाशी उभा राहिला. मी म्हटलं, ये, बस खुर्चीत. त्याने प्रकाशकडे बघितलं, कारण नंबर प्रकाशचा होता. प्रकाश खाली बघून म्हणाला, बसू द्या त्याला. मी खुर्ची झटकली, दगडू बसला. गळ्याभोवती फडकं बांधलं, तेव्हा तो आरशातून मला म्हणाला,

"आज दोन्हीसाठे कर, नाना. लगीनले बी, तठेले बी."

मी वाटीत फेस घोटायला लागलो.

आबा खाकरले. म्हणाले, हवालदार दहाच्या गाडीने येईल, मी सांगतो त्याला, लग्न लागू दे म्हणतो. दगडूने मान न वळवता उत्तर दिलं, की आबा, हवालदार नवा आहे, तुम्हाला ओळखत नाही. दगडूला रडू वगैरे येत नव्हतं. तो आपला विचार करत होता, काम कसं उरकायचं याचा.

"मले भाऊ नही," तो म्हणाला. "पानी कोन दी?"

मी फेस लावला. प्रकाश उठला आणि बाहेर गेला. गाडी दारातच होती, पण त्याने ती चालू केली नाही. चालत गेला. आबा त्याच्याकडे बघत होते, मग जुन्या वर्तमानपत्राकडे बघायला लागले.

मी दगडूची दाढी मुद्दाम सावकाश केली. एक गाल झाला, दुसरा झाला. त्याच्या मिशा सारख्या केल्या, कानाजवळचे केस घेतले. इतकी सुरेख दाढी मी त्याची कधी केली नव्हती. पाणी लावून तोंड पुसलं. तो अजून खुर्चीतच होता, तेवढ्यात आरशात मला मागची पायरी दिसली.

पायरीवर प्रकाश बसला होता. मांडीवर सोलापुरी चादर, घडी केलेली.

दगडू उठला. प्रकाश आत आला आणि खुर्चीत बसला. मान मागे टाकली.

"नाना, माझी करा," तो म्हणाला. "वाढली की खाज येते म्हणतात."

मी आबांकडे बघितलं. आबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. त्यांनी "प्रकाश" एवढंच म्हटलं, आणि तेही प्रश्नासारखं नव्हतं.

प्रकाशने डोळे मिटून घेतले. "हवालदार आला की त्याला इथेच थांबवा, आबा. पाड्यावर पाठवू नका."

मी फेस लावला. हनुवटीवरच्या जुन्या खुणेपाशी आलो तेव्हा वस्तरा हलका धरला. या वेळी तो हलला नाही. बाहेर कोणी सायकलवरून गेलं. लांब वळणावर दहाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

दगडू दारात उभा होता. त्याला पाड्यावर जायला हवं होतं, पण तो गेला नव्हता. दाढी होईपर्यंत तो तिथेच थांबला. मग आत आला, खुर्चीजवळ गेला, प्रकाशच्या मांडीवरची चादर दोन बोटांनी चाचपून बघितली. खांद्यावरचं घोंगडं काढलं, नीट चौघडी घातली आणि त्या चादरीवर ठेवलं.

"हाई ले, भाऊ. तुनी पातळ शे," तो म्हणाला. "तठली फरशी गार ऱ्हास."